आप्पासाहेबांचा केसपेपर

‘बेलवलकर म्हणजे डिनायलची टेक्स्टबुक केस.’ ‘नटसम्राट’मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांविषयीचं हे वाक्य सध्या फार सहज फेकलं जातं. वाचनकट्ट्यावर, एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतरच्या गप्पांत, नाट्यगृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. एकदा ते फेकलं की पुढची यादी आपोआप सुरू होते. बेणारेबाईंचं खिदळणं म्हणजे प्रतिक्रिया-निर्मिती, आतल्या भावनेच्या अगदी उलट वागणं. प्राध्यापक विद्यानंदांचं गुन्हेगार होणं म्हणजे आक्रमकाशी तादात्म्य. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरचा तिरकसपणा म्हणजे बौद्धिकीकरण. तळीरामाचं तत्त्वज्ञान म्हणजे तार्किकीकरण. ऐकणारा मान डोलावतो, पात्र उलगडलं असं दोघांनाही वाटतं आणि गप्पा तिथंच थांबतात.

आक्षेप आहे तो या थांबण्यावर.

यादी करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. मनाच्या दुखण्याविषयी मराठी घरांत आजही कुजबुजतच बोललं जातं. आप्पासाहेब, बेणारे अशा ओळखीच्या माणसांच्या निमित्तानं दमन, प्रक्षेपण, नकार हे शब्द कानावर पडले तर लोक स्वतःकडेही त्या नजरेनं पाहतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय माणसाचं मन साहित्यिकांना शास्त्राच्या आधी कळतं, हे खुद्द फ्रॉइडच सांगत आला. मग पात्राला संरक्षण यंत्रणेचं, म्हणजे मनाच्या अशा एखाद्या बचावाचं, नाव देणं हा लेखकाचा गौरवच नाही का? यातला पहिला मुद्दा मान्य करावा असाच आहे. दुसरा अर्धा खरा. पण दोन्ही मिळून जो निष्कर्ष काढला जातो, की नाव दिलं म्हणजे पात्र कळलं, तो साफ चुकीचा आहे.

हा वाद घालायला नाशिकएवढं सोयीचं गाव नाही. ‘नटसम्राट’ लिहिणारे वि. वा. शिरवाडकर इथल्या एचपीटी महाविद्यालयात शिकले आणि आयुष्याचा मोठा भाग याच शहरात राहिले. वसंत कानेटकर त्याच एचपीटीत शिकवत होते. कानेटकरांचं पहिलं नाटक, १९५७ सालचं ‘वेड्याचं घर उन्हात’, मनाच्या आजारालाच हात घालतं. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ते केलं आणि त्यात डॉ. श्रीराम लागू होते. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या लागूंनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली ती १९६९ साली, कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पासाहेब बेलवलकर लागूच. आज याच शहरात गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. निदान करणारे आणि नाटक वाचणारे एकमेकांना भेटणार नाहीत, अशी काही इथली परिस्थिती नाही.

तर आधी आप्पासाहेबच घेऊ.

नकार (डिनायल) ही संरक्षण यंत्रणा म्हणजे काय? समोर दिसणारं, सहन न होणारं वास्तव मन आत शिरूच देत नाही. डॉक्टरांनी गाठ कसली आहे ते स्पष्ट सांगितलेलं असतं आणि माणूस म्हणतो, ‘साधी सूज आहे.’ आता नाटक पाहा. रंगभूमीवरून निवृत्त होताना आप्पासाहेब घरदार, पैसाअडका मुलगा नंदा आणि मुलगी नलू यांच्या नावावर करून मोकळे होतात. हा उतावळेपणा आहे. त्यात नटाची मिजासही आहे. देण्याचा प्रसंगसुद्धा त्यांना टाळ्यांचा करायचा आहे. पण हे चुकलेलं गणित पुढच्या काळाविषयीचं आहे. डोळ्यांसमोर उभी असलेली गोष्ट त्यांनी नाकारली, असं अजून काही घडलेलं नाही.

मग ती गोष्ट समोर येते. मुलाच्या घरात त्यांच्या मोकळ्या वागण्याची, नातीला लावलेल्या सवयींची सुनेला अडचण होऊ लागते. आप्पासाहेबांना हे दिसत नाही का? दिसतं, झोंबतं, ते बोलतात, भांडतात आणि घर सोडतात. मुलीकडं गेल्यावर पैसे दिसेनासे होतात आणि संशय बापावर येतो. तेव्हाही ते ‘पोरीला तसं म्हणायचं नव्हतं’ अशी स्वतःची समजूत घालून बसत नाहीत. बायकोला घेऊन पुन्हा बाहेर पडतात. नकारात जगणारा माणूस त्या खोलीत राहिला असता. दोन वेळच्या जेवणासाठी, नातीसाठी, चार लोक काय म्हणतील म्हणून त्यानं अपमानाला दुसरं काहीतरी नाव देऊन टाकलं असतं. अशी म्हातारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. नकाराची खरी उदाहरणं तीच. आप्पासाहेबांची शोकांतिका अशी की त्यांना सगळं दिसतं आणि दिसल्यावर गप्प बसता येत नाही.

लेबलवाल्यांकडं यावर एक तयार उत्तर असतं. ठीक आहे, नकार नसेल, पण तादात्म्य तर आहे ना? स्वतःचं आयुष्य पेलवत नाही म्हणून ते लिअर होतात, ऑथेल्लो होतात, भूमिकांच्या आड लपतात. हा मुद्दा वरवर फार पटण्यासारखा आहे. ज्यानं हयात भूमिकांत घालवली तो संकटात भूमिकांची भाषा बोलतो, हे खरंच. पण आयुष्यभर संस्कृत शिकवलेला शास्त्री मरताना श्लोक म्हणू लागला तर त्याला आपण व्यक्तिमत्त्व हरवलेला म्हणत नाही. त्याची ती बोली आहे. शेवटच्या प्रसंगात आप्पासाहेब आपण केलेल्या भूमिकांची नावं एकामागून एक घेतात आणि त्या माळेत स्वतःचं नावही घेतात, थेट गणपत बेलवलकर असं. भूमिकांत विरघळून गेलेल्या माणसाला हे साधणार नाही. आप्पासाहेब नावं घेत आहेत म्हणजे त्या भूमिका आपल्यापासून वेगळ्या आहेत हे ते ओळखून आहेत. नाटकातला हा तपशील लेबलाला गैरसोयीचा आहे आणि म्हणूनच चर्चेत तो कधी निघत नाही.

नाटक जन्मलं कसं, याकडंही जरा पाहायला हवं. नानासाहेब फाटकांना किंग लिअर करायचा होता आणि त्यासाठी त्यांनी शिरवाडकरांकडं भाषांतराचा आग्रह धरला होता. भाषांतर झालं नाही, पण वय झालेला मोठा नट आणि त्याला हवा असलेला लिअर एवढा ऐवज लेखकाच्या हाती लागला. म्हणजे बेलवलकरांचं लिअरसारखं होणं हा आधी रचनेचा निर्णय होता. ‘राजमुकुट’ आणि ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलेल्या लेखकानं शेक्सपिअरची वाक्यरचना एका मराठी म्हाताऱ्याच्या तोंडी शोभेल कशी, हा प्रश्न त्यातून सोडवला. नट आहे म्हणून तो तसं बोलू शकतो. कारकून असता तर ते स्वगत हास्यास्पद झालं असतं. कारागिराच्या निर्णयाला रुग्णाचं लक्षण समजणं ही या सगळ्या यादीची मूळ खोड आहे.

दुसरी अडचण त्याहून सोपी आहे. निदान करायचं ते कुणाचं? लागूंचे बेलवलकर, दत्ता भटांचे, सतीश दुभाषींचे, यशवंत दत्तांचे? १ जानेवारी २०१६ ला आलेल्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटातले नाना पाटेकरांचे? चित्रपटात तर रामभाऊ नावाचा मित्र नव्यानं आला आणि विक्रम गोखल्यांच्या त्या भूमिकेनं आप्पासाहेबांना बोलायला एक बरोबरीचा माणूस मिळाला. नाटकातल्या आप्पासाहेबांना तो नव्हता. संवाद बरेचसे तेच, आणि प्रत्येक नट त्यामागचं मन वेगळं उभं करतो. एखाद्या नटाच्या श्वासावर बदलणारं अबोध मन कुठल्या केसपेपरवर लिहायचं?

संरक्षण यंत्रणांची पहिली व्यवस्थित मांडणी अ‍ॅना फ्रॉइडची. १९३६ सालचं तिचं पुस्तक. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिनं ते दिलं होतं. त्यात नऊ-दहा यंत्रणांची यादी येते, पण ते लक्षात राहतं ते यादीसाठी नव्हे, त्यातल्या मुलांसाठी. अंधाऱ्या दिवाणखान्यातून जायला भुताच्या भीतीनं तयार नसलेली एक लहान मुलगी एक दिवस चमत्कारिक हातवारे करत बिनधास्त पलीकडं जाते आणि धाकट्या भावाला युक्ती सांगते, की जे भूत भेटेल असं वाटतं तेच आपण आहोत असं धरून चालायचं. दुसरा एक मुलगा शिक्षक ओरडू लागले की विचित्र तोंडं करतो आणि सगळा वर्ग हसतो. बारकाईनं पाहिल्यावर लक्षात येतं की तो शिक्षकांचाच रागावलेला चेहरा नकळत करतो आहे. आक्रमकाशी तादात्म्य म्हणतात ते हे. त्याच्या मुळाशी भीती असते आणि मुलाला तर आपण काय करतो आहोत याचा पत्ताही नसतो.

आता विद्यानंदांना तिथं बसवून पाहा. कानेटकरांच्या १९६६ सालच्या ‘अश्रूंची झाली फुले’मधले हे तत्त्वनिष्ठ प्राचार्य खोट्या आरोपात अडकून तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूडाच्या वाटेनं, इकडं त्यांचा उनाड विद्यार्थी लाल्या पोलीस अधिकारी होतो. प्रभाकर पणशीकर आणि काशिनाथ घाणेकर या जोडीनं हे नाटक गाजवलं. विद्यानंद ज्यांनी छळलं त्यांच्यासारखे होतात, इतकं साम्य दिसलं की लेबल चिकटवायला हात शिवशिवतो. पण विद्यानंद घाबरलेले नाहीत, आणि आपण काय करतो आहोत ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी वाट बदलली आहे, हिशेब मांडून. अबोध पातळीवर घडणाऱ्या क्रियेचं नाव जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयाला दिलं की नाटकाचा नैतिक पेचच नाहीसा होतो. ‘बिचारे, त्यांची यंत्रणा काम करत होती’ असं म्हणता येतं. कानेटकरांना प्रेक्षकानं असं सुटायला नको होतं. म्हणून तर त्यांनी समोर लाल्या उभा केला.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हा गोंधळ जास्त त्रासदायक होतो. १९६७ साली ‘रंगायन’नं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात केलेलं हे नाटक, सुलभा देशपांडे पहिल्या बेणारे. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि बघता बघता खेळ खराच होतो. या कोर्टात बसलेल्यांकडं पाहा. वकिलीत न चाललेले सुखात्मे, इंटर सायन्सला नापास झालेला पोंक्षे, बायकोला सतत गप्प करणारे काशीकर. प्रत्येकानं आपापलं अपयश तिच्यावर ओतलेलं आहे. प्रक्षेपण हा शब्द मराठी नाटकात कुठं चपखल बसत असेल तर तो इथं, आणि तो त्या खोलीतल्या सगळ्या पुरुषांना बसतो. पण चर्चेत निदान कुणाचं होतं? बेणारेचं! तिचं हसणं, गाणी म्हणणं, सामंतशी थट्टामस्करी करणं, सगळं लक्षणांच्या रकान्यात जातं. खटला चालवणारे लोक पुन्हा मोकळे सुटतात. शेवटचं तिचं लांबलचक स्वगत चालू असताना बाकी सगळी पात्रं गोठून उभी असतात. तिचं म्हणणं त्या कोर्टात कुणाच्याही कानावर पडत नाही. ते फक्त प्रेक्षकाला ऐकू येतं. त्या प्रेक्षकानंच हातात पेन घेऊन ‘प्रतिक्रिया-निर्मिती’ असं लिहून घेतलं तर तोही काशीकरांच्या रांगेत जाऊन बसला.

गडकऱ्यांच्या तळीरामावर मात्र थोडं थांबायला हरकत नाही. ‘एकच प्याला’तल्या आर्यमदिरामंडळात दारूच्या समर्थनाचे जे युक्तिवाद चालतात, ते तार्किकीकरणाचे नमुनेच आहेत यात वाद नाही. पण तिथं गडकरी स्वतःच ते उघड करून दाखवतात आणि आपण हसतो ते त्यामुळंच. नाव देऊन नव्यानं काही हाती लागत नाही. नायक सुधाकरचं तसं नाही. वकिलीची सनद गेल्याचा अपमान, त्यावर तळीरामानं पुढं केलेला पहिला प्याला, मग शपथा, मग पुन्हा प्याला. या उतरणीवर कुठलं एक लेबल लावाल? पहिल्या अंकाला लागू पडलेलं शेवटच्या अंकाला पुरत नाही.

खुद्द फ्रॉइडचं काय झालं, हे लेबलवाल्यांनी जरूर वाचावं. १९१६ साली त्यानं लेडी मॅकबेथवर लिहिलं. एवढी पोलादी बाई राज्य हाती आल्यावर का कोसळते, हा त्याचा प्रश्न. अपत्यहीनतेचा धागा त्यानं पकडून पाहिला, पण नाटकातला काळ इतका आखूड आहे की तो धागा टिकत नाही, हे त्याच्याच लक्षात आलं आणि कोडं सुटत नसल्याचं त्यानं कबूल करून टाकलं. मग तो एका सहकाऱ्याच्या कल्पनेकडं वळला: शेक्सपिअरनं एकच मन दोन पात्रांत वाटलं असावं. भीती मॅकबेथमध्ये पेरली जाते आणि उगवते त्याच्या बायकोत. झोप त्याची उडते, झोपेत चालते ती.

पात्र सोडून रचनेकडं पाहण्याची ही वाट ‘नटसम्राट’लाही उपयोगी पडते. आप्पासाहेब ज्यांना ‘सरकार’ म्हणतात त्या कावेरीबाई सगळं देऊन टाकू नका म्हणून सुरुवातीलाच सावध करतात. म्हणजे धोक्याचं भान नाटकात पहिल्या अंकापासून हजर आहे, ते फक्त दुसऱ्या पात्राकडं सोपवलेलं आहे. आवाज नवऱ्याकडं, शहाणपण बायकोकडं. ती गेल्यावर आप्पासाहेबांच्या बोलण्याला लगाम घालणारं कुणी उरत नाही, आणि त्यांची बडबड वाढते ती तिथून. त्या बडबडीला ‘विघटन’ म्हणण्याआधी रंगमंचावरून कोण नाहीसं झालं ते मोजायला नको?

गोष्टींतून संरक्षण यंत्रणा ओळखण्याची रीत मानसशास्त्रात खरोखरच आहे, हेही सांगायला हवं. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी चित्रं दाखवून गोष्ट रचायला सांगण्याची चाचणी तयार केली. पुढं फीबी क्रेमर या संशोधिकेनं अशा गोष्टींमधून नकार, प्रक्षेपण आणि तादात्म्य मोजण्याची पद्धत बसवली. पण या पद्धतीत गुण मिळतात ते गोष्ट सांगणाऱ्याला. गोष्टीतल्या नायकाला कुणी तपासत नाही. तो नियम इथं लावायचा तर केसपेपर शिरवाडकरांच्या नावानं काढावा लागेल, आणि तसं करायला अजून तरी कुणी पुढं आलेलं नाही. लेबल लावणाऱ्यांचीच संरक्षण यंत्रणा चालू आहे, असा टोलाही इथं हाणता येईल. पण तो फार स्वस्त आहे, वाद त्यानं पुढं सरकत नाही.

जॉर्ज व्हेलंट यांचं काम जास्त बोलकं आहे. १९३८ साली हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाच्या आधारे त्यांनी या यंत्रणांची उतरंड लावली: तळाशी वास्तव मोडून टाकणाऱ्या, वरच्या पायरीवर विनोद, उदात्तीकरण, परोपकार. त्यासाठी त्या माणसांच्या दशकानुदशकांच्या मुलाखती आणि प्रश्नावल्या हाताशी होत्या. शिवाय यंत्रणा असणं हाच दोष, असं त्यांचं मुळीच म्हणणं नाही. निरोगी माणूसही याच यंत्रणांवर तगतो. आपल्या चर्चांत मात्र ‘संरक्षण यंत्रणा’ हा शब्द उच्चारला की आरोप ठेवल्यासारखा सूर लागतो. सांगवीकरचा विनोद ‘पलायन’ ठरतो. बहीण मनीच्या मृत्यूनंतर त्याच ‘कोसला’ची भाषा कशी तुटते, ते पान उलटून पाहण्याची तसदी कुणी घेत नाही.

लेबलामुळं आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती पैशाची आहे. बेलवलकरांनी १९७० साली केलं ते मालमत्तेचं बिनशर्त दान होतं. आज २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडं अर्ज करून परत मागता येते, असं त्याचं कलम २३ सांगतं. महाराष्ट्रात त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडं जावं लागतं. खोच आहे ती अटीत. आप्पासाहेबांनी अट घातलीच नव्हती, त्यामुळं त्यांचं प्रकरण आजही वकिलांना घाम फोडणारं ठरलं असतं. ‘तेव्हा चांगला समुपदेशक मिळाला असता तर’ असं हळहळणाऱ्यांनी ‘तेव्हा चांगला वकील मिळाला असता तर’ असं का म्हणू नये? बेघर होण्याची कारणं नेहमीच मनाच्या आत सापडतात, असं थोडंच आहे!

यावर दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील. कलेत मानसशास्त्र आणूच नका, असं त्यांचं आवडतं पालुपद. त्यांनाही हात जोडायला हवेत. कानेटकरांनी १९५७ साली मनाचा आजार रंगमंचावर आणला तो काही शास्त्राकडं पाठ फिरवून नव्हे. प्रशिक्षणात समुपदेशकांना नाटकं वाचायला लावतात, तेही योग्यच आहे. अट इतकीच की शब्द वापरला तर त्याची किंमतही मोजावी: कुठल्या प्रसंगात, कुणापासून, कसला बचाव, आणि त्या बचावाचा भुर्दंड कुणाच्या माथी, हे संहितेतून दाखवून द्यावं.

तशी तपासणी केली तर ‘नटसम्राट’मध्ये पहिला नंबर आप्पासाहेबांचा लागणार नाही. मुलगी बापाला चोर म्हणते, आणि क्षणभर तिला स्वतःलाच ते खरं वाटतं. ते का वाटतं, याचा शोध घेण्यासारखा आहे. सुनेची बाजूही ऐकावी लागेल. लहान मुलीसमोर आजोबांनी वाटेल ते बोललेलं तिला चालत नाही, आणि आजच्या कुठल्याही सोसायटीतली आई त्या मुद्द्यावर तिच्याच बाजूनं उभी राहील. शिरवाडकरांनी तिला खलनायिका केलेलं नाही. तिच्याविषयी मात्र एकाही चर्चेत कुणी निदान मांडत नाही, कारण तिचं वागणं सगळ्यांना नॉर्मल वाटतं.